वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या: लेखी तक्रार करावी की नगरसेवकाला गाठावं?

दुपारचा_चहा
आमच्या वॉर्ड ऑफिसात मालमत्ता कराचा विभाग पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. मी कुबड्यांवर चालतो. कर ऑनलाइन भरता येतो हे मला ठाऊक आहे, कृपया कुणी सांगू नका. आकारणीवर हरकत घेतली की सुनावणीला स्वतः वर जावं लागतं. शहराचं नाव मुद्दाम देत नाही, तुमचंच समजा.

माझं म्हणणं असं की तोंडी विनवण्या बंद कराव्यात आणि लेखी तक्रार करावी, तीही कायद्याचा आधार देऊन. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल 2017 मध्ये लागू झाला, जूनमध्ये नियम आले. कलम 45 प्रमाणे आधीपासून उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या, म्हणजे जून 2022 पर्यंत. अर्जात इतकंच लिहायचं: इमारत कुठली, अडचण काय, कलम कुठलं, मुदत कधी संपली. अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे, आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का. दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. आमच्या ग्रुपमधले निम्मे जण याला रिकामा उद्योग म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

सरळसोट
रिकामाच उद्योग आहे. माझा भाऊ व्हीलचेअरवर असतो. आमच्याकडच्या दवाखान्याला रॅम्प नव्हता. नगरसेवकाला भेटलो, आठवड्याभरात रॅम्प झाला. ना कलम, ना शिक्का.

दुपारचा_चहा
@सरळसोट, रॅम्पची लांबी किती? पायऱ्या किती होत्या?

सरळसोट
पायऱ्या तीन. लांबी मोजली नाही. मागून ढकलायला माणूस लागतो, पण खुर्ची वर जाते.

दुपारचा_चहा
तीन पायऱ्या म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर उंची. 1:12 चा उतार, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी, धरला तर रॅम्प जवळपास साडेपाच मीटर लांब हवा. ढकलायला माणूस लागतो म्हणताय, म्हणजे तो याच्या निम्मासुद्धा नसणार. नगरसेवकाच्या कंत्राटदाराने सिमेंट ओतलं, बोर्डावर नाव लावलं, भाऊ मात्र एकटा दवाखान्यात जाऊ शकत नाहीच. आणि मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या सभागृहांची मुदत संपली, त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार होता. तेव्हा कुणाला भेटायचं होतं, माजी नगरसेवकाला?

सरळसोट
हो, माजीलाच. तो फोन उचलतो. आयुक्त उचलतात का?

कायदेपंडित_होऊ_घातलेला
धागाकर्त्याने कलम 23 चा उल्लेखच केला नाही! प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक आहे आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हा समिती. थेट पुणे कशाला?

निवृत्त_शाखा_अभियंता
नोकरी एका महापालिकेत झाली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो.

आधी कलम 23. तो अधिकारी कलम 20 च्या तक्रारींसाठी आहे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावासाठी. कर भरायला आलेल्या नागरिकाच्या पायऱ्या त्यात बसत नाहीत. असे चुकीच्या पत्त्यावरचे अर्ज 'कार्यकक्षेत येत नाही' एवढ्या शेऱ्यावर निकाली निघतात, आणि कारकुनाला त्याचा आनंद होतो.

दुसरं, कलम 45 ला परंतुक आहे. राज्याची तयारी बघून केंद्र सरकार मुदतवाढ देऊ शकतं. तिसरं, नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष सांगणारा नियम 15(1) च कायद्याशी विसंगत ठरवला. मग तुमचा तो 1:12 कुठल्या नियमाच्या जोरावर मागणार?

आणि खरी गोष्ट अशी की जुन्या इमारतीत लिफ्ट म्हणजे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, बजेटमध्ये तरतूद, निविदा. जागा असेल तर. तक्रारदार लिफ्ट मागतो, आम्ही 'प्रस्ताव विचाराधीन' लिहितो, आणि ते खोटं नसतं. त्यापेक्षा सुनावणी तळमजल्यावर घ्या म्हणा. एक टेबल, दोन खुर्च्या. त्याला ना निविदा लागते ना कायदा.

दुपारचा_चहा
23 बद्दल सहमत, म्हणूनच ते लिहिलं नव्हतं. पण रतुरी निकाल तुम्ही उलटा वाचताय. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की कायद्याला सक्तीचे निकष अपेक्षित असताना नियमाने नुसत्या शिफारशी पुढे केल्या. म्हणून केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक निकष करायला सांगितलं. सवलत मिळाली नाही, पळवाट बंद केली. आणि परंतुकाचं म्हणाल तर मुदतवाढ मिळाली असेल तर तिचं पत्र दाखवा. हे माहिती अधिकारात विचारता येतं.

पांढरी_काठी
सगळे रॅम्पवरच अडकलेत. आम्हा अंधांना वाट कळावी म्हणून फुटपाथवर बसवलेल्या पिवळ्या उठावदार फरशा आमच्याकडे थेट विजेच्या डीपीवर नेऊन आदळतात. तक्रार करायची तर पालिकेच्या ॲपवर फोटो जोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी फोटो कशाचा काढू आणि नीट आलाय हे कसं बघू? तरी मी लेखीच्याच बाजूची. मुंबईत फुटपाथवरच्या खांबांमधून व्हीलचेअर जात नाही, अशा एका ईमेलवरून उच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली होती.

सरळसोट
हजारातला एक ईमेल. त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण घ्या. खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअरवरच्या नवरीला उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावं लागलं. तिने समाजमाध्यमावर लिहिलं आणि उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर माफी मागितली. ती अर्ज करत बसली असती तर काय मिळालं असतं? तुमचे दिव्यांग आयुक्त शिफारस करतात, आदेश नाही. दंड पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंत, तोही न्यायालयातून. महापालिकेच्या एखाद्या सत्काराच्या हारतुऱ्यांना जास्त लागत असतील.

पांढरी_काठी
माफी तिला मिळाली. पुढच्या नवरीने पुन्हा व्हायरल व्हायचं का? प्रत्येकाला आपला अपमान गावभर दाखवायचा नसतो.

दुपारचा_चहा
शिफारसच असते, खरं आहे. पण कलम 81 प्रमाणे तीन महिन्यांत कारवाई कळवावी लागते, नाहीतर शिफारस का मानली नाही याची कारणं द्यावी लागतात. ते कारण लेखी मिळालं की उच्च न्यायालयात जाणाऱ्या वकिलाच्या हातात काहीतरी असतं. नगरसेवकाच्या फोनचं काय जोडणार?

अभियंतासाहेबांचं तळमजल्याचं पटतं, पण तात्पुरतं म्हणून. नाहीतर तेच टेबल कायमचं होईल, आणि जन्मदाखला, पाणीपट्टी, बाकी सगळं वरच राहील. मी अर्जात दोन्ही मागतोय: सुनावणी लगेच खाली, लिफ्ट मुदत ठरवून.

सरळसोट
करा. मी माजीकडेच जातो. ह्या वेळी मोजायची टेप घेऊन जाईन एवढंच.

निवृत्त_शाखा_अभियंता
@दुपारचा_चहा, दोन्ही एका अर्जात लिहू नका. सुनावणी कर विभागाची, लिफ्ट भवन आणि विद्युत विभागाची. एकत्र लिहिलंत तर फाईल आधी ज्याच्याकडे जाईल तो दुसऱ्याकडे टोलवेल. दोन स्वतंत्र अर्ज करा, दोन्हींवर वेगळे आवक क्रमांक घ्या.