‘दमाच ना?’ : दम्याच्या संस्थांसाठी पैसे मागणाऱ्यांचे अनुभव

नमस्कार. मे महिन्याचा पहिला मंगळवार जागतिक दमा दिन म्हणून पाळला जातो आणि त्याच्या आगेमागे आपल्यापैकी अनेकजण कोणत्या ना कोणत्या संस्थेसाठी धावतात, खाद्यपदार्थ विकतात किंवा डबा घेऊन उभे राहतात. कर्करोगासाठी पैसे मागताना फार समजावून सांगावे लागत नाही. दम्यासाठी मागितले की समोरचा माणूस हमखास ‘दमाच ना?’ असे विचारतो, आणि सगळी अडचण त्या ‘च’मध्ये असते. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी पैसे कसे मागितले, कोणी दिले, कोणी नाकारले आणि हिशेबात काय घोळ झाला, हे तपशिलाने लिहावे, अशी विनंती आहे. संस्थांची जाहिरात नको आणि औषधोपचाराचे सल्लेही नकोत. सुरुवात मीच करते.

लंडन

शहराच्या दक्षिण भागात आम्ही सोळा वर्षे राहतो. धाकट्याला चौथ्या वर्षी दमा निघाला. दोन वर्षांपूर्वी मॅरेथॉनच्या सोडतीत माझा नंबर लागला नाही, म्हणून मी अस्थमा अँड लंग यूके या संस्थेच्या वाट्याच्या जागेसाठी अर्ज केला. (अस्थमा यूके आणि ब्रिटिश लंग फाउंडेशन या दोन संस्था २०२० साली एक झाल्या, सध्याचे नाव २०२२पासूनचे आहे.) अशी जागा घेणाऱ्याला ठरावीक रक्कम जमवून देण्याचे वचन द्यावे लागते, आणि माझ्या बाबतीत ते दोन हजार पौंडांचे होते. ४२.१९५ किलोमीटरांची मला वाटली नाही एवढी धास्ती या आकड्याची वाटली.

पहिला निरोप मी अगदी माहितीपूर्ण लिहिला. श्वासनलिकांना सूज कशी येते, संस्था संशोधनाला पैसे कसे देते, सगळे त्यात होते. तीन दिवसांत सत्तावीस अंगठे आले आणि पंचेचाळीस पौंड आले. मग एका रात्री ते सगळे बाजूला ठेवून मी एकच प्रसंग लिहिला. फेब्रुवारीत एकदा पहाटे अडीच वाजता मुलगा पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. गळ्याच्या खळगीतली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती आणि ‘पाणी’ हा दोन अक्षरांचा शब्द त्याला एका दमात उच्चारता येत नव्हता. मी निळा पंप (इनहेलर) स्पेसरला, म्हणजे औषधाचा फवारा धरून ठेवणाऱ्या नळकांड्याला, लावून एकेक फवारा देत होते आणि नवरा घड्याळ बघून मोजत होता. दहा फवारे होऊनही उतार पडला नाही तर रुग्णवाहिका बोलवायची, हे आम्हाला पाढ्यासारखे पाठ होते. आठव्या फवाऱ्यानंतर त्याने ‘आई, पुरे’ असे दोन शब्द सलग म्हटले. या निरोपाखाली अंगठे फारसे आले नाहीत, पैसे मात्र आले.

आमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांना तर काहीच सांगावे लागले नाही, कारण वाहनांनी गजबजलेला साउथ सर्क्युलर रस्ता आमच्यापासून फार दूर नाही. त्याच रस्त्यालगत ल्युइशममध्ये राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३च्या फेब्रुवारीत दम्याने गेली, आणि २०२०च्या डिसेंबरमध्ये मृत्यूच्या न्यायचौकशीत हवेच्या प्रदूषणाचा त्या मृत्यूस हातभार लागल्याची नोंद झाली. ब्रिटनमध्ये अशी नोंद होण्याची ती पहिलीच वेळ होती. शेजाऱ्यांना तिचे नाव माहीत होते.

एक चूक सांगते, म्हणजे इतरांकडून होणार नाही. येथे कर भरणाऱ्या दात्याने गिफ्ट एडच्या चौकटीत खूण केली, तर प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स आणखी मिळतात. पहिल्या निरोपात हे लिहायचे मी विसरले.

धावण्याविषयी फार लिहीत नाही. टॉवर ब्रिजवर, म्हणजे जेमतेम निम्म्या अंतरावर, मंडळातले एक काका कठड्याशी उभे होते. त्यांनी मला पाहिले, कोटाच्या आतल्या खिशातून निळा पंप काढला आणि झेंड्यासारखा वर धरला. बारा वर्षे आम्ही एकत्र गणपती बसवत आलो आहोत, पण त्यांना दमा आहे हे मला त्या क्षणी कळले.

बर्मिंगहॅमजवळून

मी निवृत्त अभियंता आहे. लहानपणी पुण्याच्या वाड्यांमधून गणपतीची वर्गणी मागत फिरलो असल्यामुळे बादली घेऊन उभे राहणे हा हातचा मळ आहे, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात येथील नियम असे निघाले, की आमच्या त्या मंडळाने त्यांतला एकही पाळला नसता. बादलीला मोहोरबंद झाकण हवे, गळ्यात ओळखपत्र हवे, रेल्वे स्थानकाची लेखी परवानगी हवी, सोळा वर्षांखालील मुलाच्या हाती बादली द्यायची नाही, कोणाच्या वाटेत आडवे जायचे नाही आणि बादली खुळखुळवायची नाही. शेवटची सूचना मला सर्वांत जड गेली, कारण ज्याने मूकपणे वर्गणी मागितली असा मनुष्य मी आयुष्यात पाहिलेला नाही.

पहिला तास रिकामा गेला. नंतर आमच्यातल्या एका बाईंनी कागदी नळ्या आणल्या आणि ‘नाक धरून अर्धा मिनिट या नळीतून श्वास घ्या’ अशी पाटी लावली. (दमेकऱ्यांनी हे करू नये, असे खाली ठळक लिहिले होते.) गाडीची वाट पाहणाऱ्या लोकांनी ते गंमत म्हणून केले. बहुतेकांनी पंधरा सेकंदांत नळी काढली, आणि नळी काढल्यावर खिशात हात गेला नाही असे क्वचितच झाले.

खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम करणारा एक तरुण मात्र नळीला हात न लावता बोलत उभा राहिला. त्याने तपकिरी पंप बंद केला होता आणि तो निळ्यावर भागवत होता. निळा पंप आवळलेली श्वासनलिका तेवढ्यापुरती मोकळी करतो. आतली सूज कमी ठेवण्याचे काम तपकिरीचे, तेही रोज घेतला तर. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स भरावे लागतात आणि शुल्कमाफीच्या आजारांच्या यादीत दमा नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये सगळ्यांनाच औषधे मोफत आहेत. ठोक रक्कम आधी भरून वर्षभराचे प्रमाणपत्र घेता येते आणि वरचेवर औषधे लागणाऱ्याला ते स्वस्त पडते, हे त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही ते त्याच सकाळी आमच्या पत्रकातून कळले होते. त्याने पत्रक घडी करून ठेवले आणि जाताना एक पौंडाचे नाणे बादलीत टाकले. ते परत घ्या असे मी म्हणालो, पण बादली मोहोरबंद होती.

चार तासांत तिघांनी मिळून २१२ पौंड जमवले. दोन जणांच्या देखत बादली उघडून पैसे मोजले, दोघांनी सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी भरणा केला.

मेलबर्न

वरचे दोन्ही अनुभव वाचून आमच्या सॉसेजविषयी लिहिण्याचे धाडस करतो. येथे बनिंग्ज नावाच्या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांबाहेर शनिवार-रविवारी सामाजिक गटांना सॉसेज भाजून विकता येतात. जागा आणि शेगडी दुकानाची, सामान आपले, आणि मिळकत आपल्या कामाला. आम्ही आठ मराठी माणसे होतो, त्यांपैकी पाच शाकाहारी, आणि एकादशी होती हे सकाळी सहा वाजता लक्षात आले. मांसाहारी तिघांनी सॉसेज उलटायचे चिमटे हाती घेतले. बाकीच्यांनी पाव, कांदा आणि गल्ला सांभाळला. कांदा सॉसेजच्या खाली घालायचा, वर नाही, ही २०१८पासूनची सूचना आहे, कारण वरचा कांदा जमिनीवर पडतो आणि त्यावरून माणूस घसरतो. आमच्यातल्या एका वहिनींनी हा नियम दिवसभरात निदान चाळीस गिऱ्हाइकांना समजावून सांगितला.

दम्यासाठी पैसे मागायला मेलबर्नमध्ये तारीख सांगितली की पुरते: २१ नोव्हेंबर २०१६. त्या सोमवारी संध्याकाळी गडगडाटी वादळ आले. वादळात रायगवताचे परागकण फुटले आणि त्यांचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर शहरभर पसरले. अखंड परागकण नाकातच अडकतो. फुटलेला कण थेट फुप्फुसात उतरतो. हजारो माणसे श्वास लागून रुग्णालयांकडे धावली आणि दहा जण दगावले. त्रास झालेल्यांत भारतीय वंशाच्या लोकांचे प्रमाण लक्षणीय होते, आणि अनेकांना पूर्वी दमा असल्याचे कधीच कळलेले नव्हते, केवळ वसंतात शिंका येत. मी त्यांच्यापैकी एक. त्या रात्री मी पोर्चमध्ये खुर्ची टाकून पाऊस बघत बसलो होतो, कारण मृगाचा पहिला पाऊस बघत बसायची गावाकडची सवय. रात्री दहाला मी वाफ घेतली, आले चघळले, आणि अकराला पत्नीने मला गाडीत घातले. गल्ल्यावर बसलो असताना हे मी जेवढ्यांना सांगितले, त्यांतल्या निम्म्यांनी आपापली त्या रात्रीची हकीकत सांगितली, आणि रांग थांबून राहिली.

पुणे

शाळांमध्ये स्पेसर आणि पंप वापरण्याचे शिक्षण देणाऱ्या एका छोट्या विश्वस्त संस्थेचा मी बिनपगारी खजिनदार आहे. परदेशातून ‘तुम्हालाही पाठवतो’ असे प्रेमाने सांगणाऱ्यांसाठी लिहितो, कारण ‘नको’ म्हणण्याचे काम माझ्याकडे असते.

आमच्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नाही आणि सरकारची पूर्वपरवानगीही नाही. अशा संस्थेला परकीय स्रोताकडून एक रुपयाही घेता येत नाही. परदेशात राहणारा, पण भारतीय पारपत्र असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तेव्हा ती परकीय देणगी ठरत नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले की तो परकीय स्रोत होतो, मग हातात भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असो आणि घरात रोज वरण-भात असो. गेल्या वर्षी एका दांपत्याने प्रत्येकी पंचवीस हजार रुपये पाठवण्याचे ठरवले. पारपत्राची प्रत मागितल्यावर कळले, की पती अजून भारतीय नागरिक आहेत आणि पत्नीने चार वर्षांपूर्वी ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे. पतीचे पैसे घेतले, पत्नीचे घेता आले नाहीत. ‘कल्पना माझी होती हो,’ असे त्या फोनवर म्हणाल्या. दमा त्यांच्याच मुलीला होता. मी नियम वाचून दाखवला, आणि वाचून दाखवताना मलाच तो पटत नव्हता.

देशातल्या दात्यांसाठी एवढेच, की दोन हजार रुपयांहून अधिक रक्कम रोख दिली तर तीवर देणगीची प्राप्तिकर सवलत (८०जी) मिळत नाही. तरीही लोक पाकिटे घेऊन येतात आणि ‘पावती मागच्या तारखेची द्या’ म्हणतात. तशी पावती आम्ही देत नाही. एका मोठ्या आस्थापनेने आमच्याकडून सहा महिने प्रस्ताव, छायाचित्रे आणि तक्ते मागवले, आणि शेवटी ‘दमा दृश्य स्वरूपात दाखवता येत नाही’ असे कळवले. त्यांचे वाक्य चुकीचे नव्हते.

ठाणे

माझा अनुभव बराचसा अपयशाचा आहे. दिवाळीच्या आधी आमच्या संकुलात मी पालिकेच्या शाळेतल्या मुलांना स्पेसर घेऊन देण्यासाठी दारोदार गेले. फटाक्यांविरुद्ध बोलायला आले आहे असे समजून तीन दारे बोलण्याआधीच बंद झाली. एका आजोबांनी मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत माशातून औषध गिळल्याची हकीकत सांगितली, दुसऱ्यांनी कोजागिरीच्या खिरीतले औषध सुचवले, आणि पंपाची सवय लागते हे तर निम्म्या मजल्यांवर ऐकले. कोणाशी वाद घातला नाही, कारण वाद घालून वर्गणी मिळत नाही.

सहाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी मात्र मला आत घेऊन दार लावले आणि पाच हजारांचा धनादेश आधीच लिहून ठेवलेला दिला. ‘८०जी नको, नाव नको,’ असे त्या म्हणाल्या. धनादेशावर नाव आणि सही असतेच, हे मी सांगितले. त्यांनी तो परत घेतला, फाडला, कपाटातून नोटा काढून मोजल्या आणि पावतीवर ‘एक हितचिंतक’ असे लिहायला लावले. तेवढ्यात त्यांची मुलगी आतल्या खोलीतून आली. टेबलावर मी ठेवलेला नमुन्याचा स्पेसर तिने उचलला, त्याची झडप बोटाने हलवून पाहिली आणि म्हणाली, ‘माझा यापेक्षा जुना आहे.’ त्या बाई माझ्याकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘स्थळे बघतोय सध्या.’

मी पावती फाडून दिली. मुलीला नवा स्पेसर हवा का, हे विचारायला पाहिजे होते. मी विचारले नाही.