डिफेनेस्ट्रेशनला मराठीत काय म्हणाल?

डिफेनेस्ट्रेशन म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणे. एवढ्या एका कामासाठी इंग्रजीने अख्खा शब्द पाळलाय, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थट्टाच वाटली होती.

लॅटिनमध्ये 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी. जर्मनांचं 'फेन्स्टर' त्याच घराण्यातलं. (इंग्रजीची स्वतःची 'विंडो' मात्र जुन्या नॉर्स भाषेतून आली, मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. आपला गवाक्ष बैलाचा डोळा!)

शब्द गाजला तो प्रागमुळे. २३ मे १६१८ रोजी तिथल्या किल्ल्यात चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी स्लावाता आणि मार्टिनित्स हे दोन कॅथलिक कारभारी खिडकीतून खाली लोटले आणि त्यांच्यामागोमाग फाब्रिसियस नावाच्या कारकुनालाही. उंची सुमारे सत्तर फूट, तरी तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, कसली माता, उकिरड्यावर पडले! पुढे सम्राटाने कारकुनाला सरदारकी दिली आणि नावापुढे जोडलं 'फॉन होहेनफाल', म्हणजे उंचावरून पडलेले. आपल्याकडे असता तर 'उंचपडे' झाला असता. या प्रकरणातून जी लढाई पेटली ती तीस वर्षं चालली. प्रागकरांनी १४१९ मध्येही नगरपालांना असंच फेकलं होतं, पण ते बिचारे वाचले नाहीत.

आता मराठी. पहिल्यांदा आठवतो तो कडेलोट, रायगडाच्या टकमक टोकासकट. पण तिथे खिडकी नाही, कडा आहे. शिवाय आज आपण तो शब्द 'संयमाचा कडेलोट' असा वापरतो, त्यात कुणाला फेकलेलं नसतं. कंपनीच्या संचालकांनी वरिष्ठाला 'डिफेनेस्ट्रेट' केलं, अशी बातमी असेल तर मी डोळे मिटून 'उचलबांगडी' लिहीन. हातपाय धरून उचलून नेण्याचं चित्र त्यात आहेच, फक्त खिडकी तेवढी नाही.

अडचण प्रागची. 'गवाक्षपात' असं एकाने सुचवलं. ऐकायला भारदस्त आहे, पण उल्कापातात उल्का पडते, तशी गवाक्षपातात खिडकीच पडेल. त्यापेक्षा कड्यावरून लोटणं तो कडेलोट, या चालीवर 'खिडकीलोट' का नको? 'प्रागचा खिडकीलोट'. मला तरी चालेल.