ध्यानाला ईईजीचा दाखला कशाला हवा?

त्रिपुटी

दोन वाक्यं सतत कानावर येतात. एक, ‘ऋषींनी सांगितलं तेच विज्ञान आता सिद्ध करतंय.’ दुसरं, ‘विज्ञान संपतं तिथे अध्यात्म सुरू होतं.’ मला दोन्ही चुकीची वाटतात, आणि तीही परंपरेच्याच निकषावर.

आपल्याकडे ‘ज्ञान’ म्हटलं की पहिला प्रश्न असतो, प्रमाण, म्हणजे ते मिळवायचं साधन, कोणतं? चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो. सांख्य-योग प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम (शास्त्राचा शब्द) अशी तीन. न्याय चार, अद्वैत वेदान्त सहा. प्रत्येक प्रमाणाची हद्द ठरलेली आहे. डोळ्याला आवाज दिसत नाही म्हणून आवाज खोटा ठरत नाही, आणि कानाने रंगाबद्दल बोलायचं नसतं. शंकराचार्य गीताभाष्यात (१८.६६) साफ म्हणतात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. श्रुतीचं काम जे प्रत्यक्षाने कळत नाही तेवढंच.

आत्मज्ञान इंद्रियांच्या पलीकडचं असेल, तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून ते सिद्धही होणार नाही आणि खोडलंही जाणार नाही. प्रवचनात ईईजीचे, म्हणजे मेंदूतल्या विद्युत-लहरींचे, आलेख दाखवणारे अध्यात्माला वर नेत नाहीत, त्याला भलत्याच कोर्टात उभं करतात.

शून्यप्रहर

वाटणी छान आहे, पण ती पाळतो कोण? दावे सरळ शरीरात शिरतात. मग मीटर येणारच.

जुनं उदाहरण घ्या. ‘हृदय थांबवतो’ म्हणणाऱ्या योग्यांची वेंगर, बागची आणि आनंद यांनी तपासणी केली. त्यांचा शोधनिबंध १९६१चा. मनगटाची नाडी बोटाला लागेनाशी होई, स्टेथोस्कोपमध्ये ठोके ऐकू येत नसत. बघणाऱ्याला वाटणार, थांबलं! ईसीजीवर मात्र हृदय चालूच. खुबी अशी: श्वास कोंडायचा, कंठ बंद करायचा आणि छाती-पोटाचे स्नायू आवळायचे. छातीतला दाब वाढतो, शिरांमधून हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही घटतं आणि नाडी हाताला लागत नाही. आवळलेल्या स्नायूंच्या घरघरीत ठोक्यांचा आवाज बुडतो. म्हणजे दिसलं ते खरं होतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. प्रत्यक्ष बरोबर, अनुमान चूक. तुमच्याच भाषेत सांगितलं.

नाडीशोधन

शून्यप्रहर, उदाहरण चोख, पण मोजमाप बाहेरच्यांनीच केलं असं चित्र उभं राहतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. नौलीच्या (पोटाचे स्नायू फिरवायच्या योगक्रियेच्या) वेळी मोठ्या आतड्यात दाब किती असतो, हे त्यांनी मॅनोमीटर (दाबमापक) लावून पाहिलं. तो वातावरणापेक्षा कमी भरला. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावाने ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं.

यामागची क्रिया साधी आहे. श्वास पूर्ण सोडायचा, कंठ बंद ठेवायचा आणि श्वास न घेताच घेतल्यासारखी छाती फुलवायची. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर ओढला जातो, पोटातली जागा वाढते, दाब उतरतो. श्वास अर्धवट सोडला की फसलंच: फुप्फुसात हवा राहते, पडदा वर जात नाही आणि नवशिका नुसतं पोट आत खेचत बसतो. बस्तीत (गुदद्वारातून पाणी आत ओढायच्या क्रियेत) पाणी वर का चढतं याचं उत्तर यात आहे, आणि ते देताना ‘अपान’ (खालच्या दिशेचा प्राणवायू) या शब्दाला हात लावावा लागला नाही.

तरंगवेडा

शरीराचं सोडा हो. क्वांटममध्ये तर निरीक्षकाशिवाय काही घडतच नाही. म्हणजे चैतन्य हेच मूळ. यापेक्षा वेगळं वेदान्त काय सांगतो?

शून्यप्रहर

तरंगवेडा, तिथे ‘निरीक्षण’ म्हणजे कुणी डोळे लावून बघणं नव्हे. सत्तर कार्बन अणूंचे रेणू जाळीतून सोडले की पडद्यावर व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळल्याचे, पट्टे उमटतात. व्हिएन्नातल्या गटाने २००४ मध्ये हे रेणू आधी लेसरने तापवले, १००० ते ३००० केल्विनच्या पट्ट्यात. जसजसे तापत गेले तसतसे पट्टे पुसट होत गेले. का? तापलेला रेणू वाटेत स्वतःच प्रकाश सोडतो, आणि तो कुठून गेला याची खूण त्या प्रकाशात असते. ती खूण वाचायला कोणी नसलं तरी पट्टे जातात. यात चैतन्य कुठे आलं?

त्रिपुटी

यावर शून्यप्रहर यांच्याशी शंभर टक्के सहमत. क्वांटमचं समीकरण मांडणारे श्रोडिंगर वेदान्त वाचायचे म्हणून त्यांच्या समीकरणात ब्रह्म शिरत नाही.

अर्थापत्ती

इथे सगळ्यांनी मीटरलाच पंच नेमलंय. मीटरचंही जरा बघू.

ध्यान आणि मेंदू म्हटलं की २००४चा प्रयोग पुढे येतो: आठ बौद्ध साधक, १०,००० ते ५०,००० तासांची साधना, आणि २५ ते ४२ हर्ट्झचा जोरदार गॅमा (ईईजीतल्या वेगवान लहरी). आता २००७चा दुसरा प्रयोग पाहा. स्वयंसेवकांना औषधाने तात्पुरतं लुळं करून ईईजी घेतला, तर २० हर्ट्झच्या वरचा बराचसा संकेत गायब! तो मेंदूचा नव्हता, कपाळ आणि कानशिलांच्या स्नायूंचा होता. जबडा किंचित आवळला तरी गॅमा ‘वाढतो’. पहिल्या गटाने स्नायूंचा गोंधळ वगळायचा प्रयत्न केला होता हे मान्य, पण शंका उरतेच.

म्हणून माझा मुद्दा असा की आतून बघायची शिस्त ही स्वतंत्र पद्धत आहे. सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा बघणाऱ्याला स्वतःच्या पापण्या दिसतात, पेशी नाही. नजर तयार व्हावी लागते. योगसूत्रांत (१.३०) नऊ अंतराय दिलेत, त्यात संशयाबरोबर ‘भ्रांतिदर्शन’ही आहे. साधकाला दिसतं ते चुकीचं असू शकतं, हे यादीतच लिहिलंय. पडताळा म्हणून शास्त्रप्रचिती, गुरुप्रचिती, आत्मप्रचिती अशा तिन्ही जुळाव्या लागतात.

शून्यप्रहर

तिन्ही एकमेकींपासून स्वतंत्र असत्या तर मानलं असतं. गुरू शास्त्र शिकलेला, शिष्य गुरूने घडवलेला. तीन साक्षीदार एकाच खोलीत बसून जबाब लिहितायत. प्रयोगात आंधळी चाचणी (कोण कोणत्या गटात हे लपवलेली) ठेवतात ती हे टाळायलाच. म्हणूनच २००६ मध्ये बायपासच्या १,८०२ रुग्णांवर प्रार्थनेची चाचणी झाली. प्रार्थना होणार की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्या दोन गटांत गुंतागुंत ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार’ असं सांगितलेल्या तिसऱ्या गटात ५९.

आणि मोठी अडचण वेगळीच आहे. वर्षानुवर्षं नजर तयार केलेला अद्वैती आत पाहून म्हणतो, आत्मा आहे. तेवढीच तयारी असलेला बौद्ध म्हणतो, नाही. सूक्ष्मदर्शक तोच, आणि एकाला पेशी दिसते, दुसऱ्याला पेशीच नाही?

नाडीशोधन

दोघांची भाषा मध्ये येते. साधं कपालभाती घ्या. बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं की एक म्हणतो प्राण जागा झाला, दुसरा म्हणतो ऑक्सिजन वाढला. दोन्ही फसले. निरोगी माणसाचं धमनीतलं रक्त आधीच ९५ ते ९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं, वाढायला जागाच नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. मग मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि मुंग्या येतात.

गंमत म्हणजे नीट केलं तर हे फारसं होत नाही. पोटाचा झटका लहान, आत येणारी हवा आपोआप आणि थोडी. सुमारे १५० मिली हवा तर नुसती श्वासनळ्यांतच राहते, फुप्फुसाच्या पिशव्यांपर्यंत पोचतच नाही. नवशिका आत येणारा श्वासही जोरात ओढतो, तिथे बिघडतं. ‘मुंग्या म्हणजे प्रगती’ असं सांगणारा शिक्षक म्हणजे चालतं-बोलतं भ्रांतिदर्शन.

अर्थापत्ती

हे पटलं. पण आत्मा-अनात्म्याला हे उत्तर नाही.

अवांतर: ‘विज्ञान’ हा शब्दच गोंधळ घालतो. गीतेच्या सातव्या अध्यायात शंकराचार्य त्याचा अर्थ स्वानुभव करतात, ज्ञानेश्वर प्रपंचज्ञान. आपण आजची प्रयोगशाळा डोक्यात ठेवून दोन्ही वाचतो.

त्रिपुटी

शून्यप्रहर यांचा आत्मा-अनात्म्याचा मुद्दा मला टाळायचा नाही. तो सायन्स-विरुद्ध-अध्यात्म असा नाहीच, परंपरेतला जुनाच खटला आहे, आणि त्याचं सगळ्यात धारदार कलम म्हणजे गाढ झोप. उठल्यावर माणूस म्हणतो, ‘सुखाने झोपलो, काही कळलं नाही.’ अद्वैती म्हणतो ही स्मृती आहे, आणि अनुभवाशिवाय स्मृती नसते, म्हणजे झोपेत साक्षी, नुसतं पाहणारा आत्मा, होता. नैयायिक (न्यायदर्शन मानणारा) म्हणतो स्मृती कसली, अनुमान आहे: उठल्यावर ताजंतवानं वाटतंय, मधला वेळ आठवत नाही, त्यावरून काढलेलं.

इथे मात्र मोजमापाला वाव दिसतो. झोपेच्या प्रयोगशाळेत ईईजी चालू ठेवून मध्येच उठवतात आणि लगेच विचारतात, आत्ता काय चाललं होतं? उत्तरं तीन प्रकारची येतात: काहीतरी दिसत होतं, काहीतरी होतं पण काय ते आठवत नाही, काहीच नव्हतं. दुसरं उत्तर अद्वैतीच्या दाव्याच्या जवळ जातं. पहिल्या पोस्टमध्ये मी कोर्ट भलतं म्हणालो होतो, तेवढं मागे घेतो.

शून्यप्रहर

मागे घेतलंत, आभार. पण दुसऱ्या उत्तरावर एवढी भिस्त नको. ‘काहीतरी होतं’ हेही माणूस जागा झाल्यावरच म्हणतोय. झोपेतून जाग येताना मधले काही क्षण असतात. ते ‘काहीतरी’ त्या क्षणांतलं असेल, तर तुमचा साक्षी झोपेत होता हे त्यातून कसं निघतं? नैयायिक अजून हरलेला नाही.