‘ऑफसेट’ला भरपाई म्हणावं का?

अनुवादिका: उत्तर समुद्रातल्या पवनचक्क्यांवरचा लेख मराठीत करतेय. तळाशी खांब ठोकताना एवढा आवाज होतो की हार्बर पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे दिसणारे छोटे समुद्री सस्तन प्राणी) वीसेक किलोमीटरपर्यंत जागा सोडून जातात. जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा आहे. त्यासाठी खांबाभोवती भोकं पाडलेली नळी अंथरून हवा सोडतात, बुडबुड्यांचा पडदा उभा राहतो. तरीही जे नुकसान उरतं, त्यापोटी दुसरीकडे काही करायचं, समजा जाळ्यात अडकून मरणारे पॉरपॉइज वाचवायचे, हे ‘ऑफसेट’. मी ‘भरपाई’ लिहिलं, संपादकांनी ‘प्रतिसंतुलन’ केलं. कुणाला कळणार आहे ते?

वेंगुर्लेकर: भरपाईच ठेवा. वादळात होडी फुटली की आम्ही तलाठ्याकडे प्रतिसंतुलन मागत नाही.

जुने मास्तर: थांबा. आजोबांच्या पावत्यांवर ‘रुपये भरून पावलो’ असायचं. भरपाई म्हणजे घेणाऱ्याला पुरतं पावलं. इथे पावलं कुणाला? घर सोडून गेला तो एक, जाळ्यातून वाचला तो दुसरा.

वनवाला: जंगल गेलं की त्याबदल्यात दुसरीकडे झाडं लावतात, त्याला वनखात्यात ‘पर्यायी वनीकरण’ रुळलंय. ‘पर्यायी संवर्धन’ म्हणा.

अनुवादिका: पर्यायी म्हटलं की ‘हे नको तर ते’ असं वाटतं. ऑफसेट सगळ्यात शेवटी येतो. आधी टाळा, मग कमी करा, उरलं तर हा. ‘पर्यायी’ने कंपनीला पहिल्याच पायरीवर पळवाट मिळते.

हॅम्बुर्गकर: इथल्या निसर्गसंरक्षण कायद्यात दोन शब्द आहेत. जे बिघडलं त्याच जातीचं परत उभं केलं तर ‘आउसग्लाइश’. तेवढ्याच मोलाचं दुसरं काही केलं तर ‘एर्झात्स’. मराठीतही दोन हवेत.

जुने मास्तर: मग पहिल्याला भरपाई, दुसऱ्याला मोबदला. जमीन गेली की पैसे मिळतात, जमीन नाही.

वनवाला: मोबदला म्हटलं की लोक रकमेचा आकडा विचारतील.

वेंगुर्लेकर: ते ऱ्हवांदे. पॉरपॉइज कित्याक लिहिताय? आमच्याकडे त्याला भुलगा म्हणतात.

अनुवादिका: भुलग्याच्या पाठीवर पर नसतो. ह्याला लहानसा त्रिकोणी असतो. जात वेगळी आहे.

वेंगुर्लेकर: मग ‘परवाला भुलगा’ लिहा.

जुने मास्तर: संस्कृतात ‘शिशुमार’ आहेच की. हिंदीत त्याचा गंगेतला सूंस झाला, आपल्याकडे मात्र सुसर!

हॅम्बुर्गकर: सुसर म्हणजे मगरच ना? आमच्या घरी दोन्ही एकच समजायचे.