सोलापूरची घरची शेती तगली ती बागांवर की बाहेरच्या पगारावर?

काळं रान, मंगळवेढा (धागाकर्ता):
ऊस, डाळिंब, द्राक्षांनी सोलापूरचा शेतकरी तारला, असं प्रत्येक भाषणात ऐकतो. मला पटत नाही. उजनी धरण 1980 ला झालं, पाणी नदीकाठी आणि कालव्याखाली गेलं. बाकीच्यांचं घर तगलं ते एक भाऊ पुण्यात कंपनीला लागला म्हणून. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं त्याच्या पगारातून. आमच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. पण काढणीला माणूस कुठंय?

बागवाला, सांगोला:
अर्धंच खरं. आमच्याकडं ना धरण ना नदीचा भरवसा. शेततळं, ठिबक आणि डाळिंब, एवढ्यावर पत्र्याच्या घरांचे बंगले झाले. कुणाच्या पगारावर नाही.

काळं रान:
आणि डाळिंबावर तेल्या रोग आल्यावर? मग मर रोग, मग खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा. बागा उपटल्याच ना? कर्ज राहिलं.

बागवाला:
उपटल्या. पेरू लावला. नोकरी गेल्यावर पगारवाला काय लावतो?

कारखान्याचा सभासद, माळशिरस:
ऊसवाल्याला आळशी म्हणणारे इथंही येतीलच, म्हणून आधीच सांगतो. मजूर मिळत नाही म्हणून ऊस आहे. लागण केली की तोडायला टोळी येते. कायद्यानं 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला हवी. मिळते का, ते विचारू नका.

माढ्याची सून:
पगार, बाग, ऊस, सगळा हिशोब पुरुषांचा. घरच्या बाईची रोजगारी कुणी धरली? रब्बीची ज्वारी उपटून काढावी लागते. दुसऱ्या दिवशी हाताला फोड, भाकरी थापायला पुन्हा तेच हात. नंतर कणसं मोडा, कडब्याच्या पेंढ्या बांधा. बाहेरच्या बाईला हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, द्यावी लागते, आम्हाला नाही. शेती तगली ती ह्या फुकटच्या कामावर. आणि सातबाऱ्यावर नाव? हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला. वर्षभरात भाऊ हक्कसोडपत्र घेऊन दारात. सही केली तर माहेर, नाहीतर नाही.

काळं रान:
कष्टाचं मान्य, ताई. पण बहिणींनीही हिस्सा घेतला तर पाच एकराचे तुकडे होतील, त्यात ट्रॅक्टर वळायचा नाही.

माढ्याची सून:
भावाभावांत वाटणी करताना बरा वळतो, दादा?