टाय-डायचा रंग धुण्यात निघून गेला. ३१ मुलांचे कपडे रंगवायचे आहेत, मदत हवी आहे

चौथीची बाई

नमस्कार. यावल तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवते. २४ जानेवारीला आमचं स्नेहसंमेलन आहे आणि माझ्या वर्गाचं लेझीम बसवलंय. ३१ मुलं-मुली आहेत. कपडे भाड्याने आणले तर पालकांवर बोजा पडतो, म्हणून मीच सुचवलं की घरातला जुना पांढरा शर्ट आणा, आपण त्यावर टाय-डाय करू. मुलं इतकी हरखली की दुसऱ्याच दिवशी शर्ट घड्या घालून दप्तरातून आले.

आधी घरचे तीन शर्ट घेऊन करून पाहिलं. तिन्ही फसले.

केलं ते असं. जळगावहून थंड पाण्यात चालणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग आणले: पिवळा, गुलाबी आणि मोरपंखी. सोबत धुण्याचा सोडा. शनिवारी रात्री थोडा निवांतपणा होता, म्हणून रंग, पाणी आणि सोडा एकत्र करून बाटल्यांत भरून ठेवलं. रविवारी सकाळी शर्ट ओले केले, मधोमध चिमटीत धरून गोल पिळत चकतीसारखे केले, रबरबँड लावले आणि रंग सोडला. तेव्हा फार सुंदर दिसत होतं. तीन तासांनी सोडून कढत पाण्यात घातले, तर बादलीभर रंग बाहेर आला. दोन शर्ट अगदी फिके पडले, मोरपंखी तर जवळजवळ उरलाच नाही आणि पांढऱ्या जागेवर मळकट झाक आली. तिसरा, माझ्या यजमानांचा जुना कुर्ता, त्यातल्या त्यात बरा झाला. पण त्याचीही शिलाई पांढरीच राहिली.

माझं कुठे चुकलं? मुलांच्या शर्टांना अजून हात लावलेला नाही. काहींच्या घरी दुसरा पांढरा शर्ट नाही, त्यामुळे ते बिघडवायची माझी हिंमत नाही. कृपया लवकर सांगा.

हळदीकुंकू

बाई, कल्पना फार छान आहे. आमच्या घरी रंग पक्का करायला आई मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात कपडा भिजवायची. तुरटीही चालते म्हणतात. करून बघा.

सुईदोरा

हळदीकुंकू ताई, राग मानू नका, पण या रंगांना व्हिनेगर लावू नये. व्हिनेगर चालतं रेशमाच्या आणि लोकरीच्या आम्लधर्मी रंगांना. तुरटी लागते मंजिष्ठा, डाळिंबाची साल अशा वनस्पतीच्या रंगांना. मीठ घालतात ते वाण्याकडच्या पुडीतला डायरेक्ट रंग उकळताना. प्रत्येक रंगाचा सोबती वेगळा असतो. बाईंच्या रंगाला सोडाच हवा, व्हिनेगरने उलट सोड्याचं काम थांबतं.

बाई, मी बारा वर्षं ओढण्या रंगवते आहे. तुमच्या तीन गोष्टी चुकल्या असं मला वाटतं.

पहिली आणि मोठी म्हणजे कापड. गणवेशाचे शर्ट बहुधा टेरिकॉटचे असतात, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण. हा रंग फक्त सुताला धरतो. पॉलिस्टर कोरंच राहतं, म्हणून एकूण कापड फिकं दिसतं. तुमचा कुर्ता सुती असणार, म्हणून तो बरा झाला. शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा, म्हणून पांढरा. शंका असेल तर आत दुमडलेल्या कडेतून कापडाचेच चार धागे काढून (शिलाईचा दोरा नको) चिमट्यात धरा आणि जाळून बघा (मुलांसमोर नको). सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि काळा टणक मणी होतो. राखेत टणक कण लागले तर मिश्रण समजा.

दुसरी, सोडा रात्रीच रंगात घातलात. सोडा पडला की रंग कामाला लागतो आणि कापड नसेल तर पाण्याशीच जोडला जातो. सकाळपर्यंत त्या बाटलीत बराचसा मेलेला रंग होता. सोडा कापडाला द्या, रंगाला नको. १ लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ते ६० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा, कापड त्यात १५-२० मिनिटं भिजवा, घट्ट पिळा, मग बांधा. रंग नुसत्या पाण्यात, पाव लिटरला दोन चहाचे चमचे. खाण्याचा सोडा घेऊ नका, तो फार सौम्य पडतो.

तिसरी, घाई. तीन तास पुरत नाहीत. रंग सोडल्यावर गाठोडं प्लास्टिकमध्ये गुंडाळून २४ तास ठेवा. वाळलं की रंग धरणं थांबतं, म्हणून ओल टिकली पाहिजे. थंडीत तर काम आणखी मंदावतं. मोरपंखी सगळ्यात हळू धरतो, तुमचा तोच आधी गेला यात नवल नाही. दिवसभर गाठोडी काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवा.

रसायनवाला

सुईदोरा ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय. मी रंगाच्या कारखान्यात होतो, म्हणून थोडी भर घालतो. १९५६ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीने प्रोसियन नावाने हे रंग बाजारात आणले. सुताच्या तंतूशी रासायनिक बंध जोडणारे बाजारातले ते पहिले रंग. त्याआधीचे बरेच रंग नुसते तंतूला चिकटून बसत. बंध जुळला तर हा रंग धुऊन जात नाही. तुमच्या बादलीत आला तो न जुळलेला रंग.

धुण्याचा क्रम उलटा झाला. आधी थंड पाण्यात, बांधलेलं असतानाच, सोडा आणि मोकळा रंग निघेपर्यंत विसळायचं. मग सोडून पुन्हा थंड पाणी. आणि शेवटी कढत पाणी आणि थोडी साबणपूड, कारण उरलासुरला मेलेला रंग कढत पाण्यानेच निघतो. सुरुवातीलाच कढत पाणी घातलंत म्हणून सोडा असताना सुटलेला रंग पांढऱ्या जागेवर बसला.

आता महत्त्वाचं. रंगाची कोरडी पूड मुलांच्या हाती देऊ नका. ती हवेत उडते, श्वासात गेली तर काहींना दम्यासारखा त्रास होतो, आणि एकदा त्रास झाला की पुढे जरा पुडीनेही होतो. तोंडाला मास्क लावून, पंखा बंद करून, तुम्ही एकट्याने पाण्यात कालवा. सोड्याच्या पाण्यात हातमोज्याशिवाय हात नको. स्वयंपाकाचं कुठलंही भांडं वापरू नका. आणि कोणी शेतातला युरिया घाला म्हणेल (छपाईवाले ओल टिकवायला घालतात), तर तो नको, त्याला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो.

सुईदोरा

बाई, रात्रभर तुमच्या मुलांचाच विचार करत होते. शर्ट रंगवूच नका. ते पांढरे स्वच्छच राहू द्या आणि मलमलचे शेले रंगवा. लेझमीला कमरेला शेला हवाच. दोन मीटरचा तुकडा पन्ह्यात मधोमध फाडला की दोन शेले होतात, सुती कापड सरळ फाटतं. ३१ मुलांना ३२ मीटर पुरेल आणि एक शेला तुम्हाला. कोरी मलमल असेल तर खळ काढायला रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी साबणपुडीत उकळा, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी लागतो.

बांधणं मात्र सगळं मुलांना करू द्या. हरभरे किंवा चिंचोके कापडाखाली धरून वरून दोऱ्याने करकचून आवळले की गोल कडी उठतात. मी भूजमध्ये बांधणी करणाऱ्या बायका पाहिल्या, नखाच्या टोकाने कापडाची राईएवढी टोकं उचलून बांधत होत्या. मुलांना तेवढं बारीक जमणार नाही, चिंचोका हाताला बरा. कोपऱ्यापासून तिरकी गुंडाळी करून ठरावीक अंतरावर दोरे बांधले तर लहरिया होतो, तोही सोपा आहे. पिवळा आणि गुलाबी शेजारी ठेवा, मधे केशरी मिळेल. जांभळ्यात पिवळा मिसळला की मातकट होतं, ते दोन दूर ठेवा.

हळदीकुंकू

व्हिनेगरचं मला खरंच माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. बाई, मलमलच्या खर्चात माझा वाटा घ्या, व्यक्तिगत निरोप पाठवते.

चौथीची बाई

उशिरा लिहिते आहे, क्षमा असावी. धागे जाळून पाहिले, दोन्ही फिक्या शर्टांत टणक मणी निघाले. मुलांना खरं सांगितलं आणि शर्ट परत दिले. एक-दोघांचे चेहरे पडले. मग चिंचोक्यांची पिशवी समोर ठेवली आणि वर्ग शांत झाला. सव्वा तास कोणी जागचं उठलं नाही. वर्गात कधी न बोलणारी एक मुलगी इतरांच्या सैल गाठी सोडून पुन्हा बांधून देत होती.

रंग मी एकटीने कालवला. पुड्या उघडताना मास्क होता, खिडक्या बंद होत्या. गाठोडी काळ्या पिशवीत घालून शाळेच्या पत्र्यावर उन्हात ठेवली, रात्री स्वयंपाकघरात चुलीपासून अंतर ठेवून. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या विसळीनंतर पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. मोरपंखी टिकला! ३१ पैकी २९ शेले उत्तम आले. दोनांवर गाठी सैल राहिल्याने कडी पुसट झाली, पण त्या मुलांना तेच आवडले.

सुईदोरा ताई, बत्तिसावा शेला मी बांधून ठेवलाय, अजून रंगवला नाही. तो तुमच्यासाठी आहे. कुठला रंग हवा?

आणि एक विचारायचं राहिलं. बाटलीत सोडा न घातलेला मोरपंखी थोडा उरलाय. पुढच्या रविवारपर्यंत टिकेल का?

रसायनवाला

सोडा पडलेला नसेल तर झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर चालेल. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि खाण्याच्या वस्तूंपासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या कप्प्यात ठेवा.

सुईदोरा

बाई, मोरपंखीच.