मदत हवी आहे : दुचाकीवर तिघे असल्यामुळे नुकसानभरपाई कापली जाते का?
माझा धाकटा भाऊ दुचाकीवर तिसरा बसलेला असताना मागून आलेल्या टेम्पोने धडक दिली आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. एफआयआर, पंचनामा व अपंगत्वाचा दाखला जोडून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालील दावा सहा महिन्यांच्या मुदतीतच दाखल केला आहे. विमा कंपनी मात्र अंशदायी निष्काळजीपणाचा, म्हणजे जखमीचाही दोष असल्याचा, बचाव घेत आहे. तिघे बसणे हा नियमभंग होता, हे आम्हांला मान्यच आहे. परंतु त्याचा अपघाताशी किंवा दुखापतीशी कार्यकारणसंबंध दाखवल्याशिवाय केवळ त्यापायी भरपाई कापता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. सीसीटीव्ही चित्रण नाही, टेम्पोचालकही साक्षीला आलेला नाही. अशा वेळी हा संबंध शाबित करण्याचा भार कंपनीवरच राहतो, की दुचाकी चालवणाऱ्या मित्राची साक्ष आम्हीच नोंदवून घ्यावी?